बातमीतून राहिलेला एडका

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, सेवा पथकाची एकोणीस मुले मानवत रोड स्थानकावरून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीने साहस शिबिराला रवाना झाली. यादीत वीस नावे होती. विसावी मुलगी स्थानकावर आली नाही. मी दिलेल्या दोन बातम्या त्याला कारण झाल्या. पहिली चुकीची होती. दुसरी तिची दुरुस्ती म्हणून लिहिलेली होती.

मी मानवतचा तालुका बातमीदार. सेवा पथकाशी माझा संबंध एवढाच की ते चालवणारे सर माझ्या गल्लीत राहतात. पथकात आसपासच्या खेड्यांतली आठवी ते अकरावीची मुले-मुली आहेत. दर रविवारी सकाळी ती शाळेच्या मैदानावर जमतात. उन्हाळ्यात बसस्थानकावर पाणी वाटतात, पोलिओच्या डोसाच्या दिवशी वस्त्यांवर फिरून आयांना बोलावून आणतात, जत्रेत चुकलेली लेकरे सांभाळतात. याचा मोबदला काही नसतो. वर्षातून एकदा सर त्यांना नाशिक जिल्ह्यातल्या एका किल्ल्याच्या पायथ्याशी पाच दिवस घेऊन जातात. तिथे तंबूत राहायचे, कातळ चढायचा, दोरावरून उतरायचे. आमच्याकडची जमीन काळी आणि सपाट. मुलांनी डोंगर पाहिलेला असतो तो पुस्तकात. दोराचा सराव शाळेच्या गच्चीवरून होतो.

त्या मुलीचे आईवडील मेंढ्या घेऊन रानोमाळ असायचे. ती चुलतीकडे राहून अकरावीला होती. पथकात तिचे तिसरे वर्ष. पहिल्या दोन वर्षी नंबर मोठ्या मुलांचा लागला, तेव्हा ती मागे राहिली. शिबिराला वयाची अट होती आणि तिच्यासाठी ते शेवटचे वर्ष होते. गच्चीवरून दोराने उतरायला त्या वर्षी पहिली तीच तयार झाली. खाली आल्यावर तिने सरांना विचारले, “डोंगरावर याच्या किती पट असतंय?” सर म्हणाले, “जाऊन मोज.” त्या दिवसापासून दोर गुंडाळून ठेवण्याचे काम तिने दुसऱ्या कोणाला करू दिले नाही.

शिबिराला पैसा लागतो. रेल्वेचे भाडे, शिबिराची फी, जेवण. बहुतेक मंडळे पावतीपुस्तक घेऊन मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांकडे फिरतात. सरांना ते मान्य नव्हते. त्यांचा नियम असा की फुकट कोणी जाणार नाही. ज्याला जमेल ते त्याने द्यायचे: ज्वारी, तूर, कोंबडी, दोन दिवसांची मजुरी. आलेल्या वस्तूंचा लिलाव करायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीच्या गावात देवीच्या साड्यांचा लिलाव होतो. तो संपला की त्याच ओट्यावर पंचांनी पथकाला अर्धा तास दिला होता.

या लिलावाची एक रीत आहे. बोली जिंकणाऱ्याने पैसे भरायचे आणि वस्तू घरी न नेता परत ओट्यावर द्यायची. ती पुन्हा बोलीला चढते. शेवटचा घेणारा ती नेतो. त्यामुळे एका नारळाचे तीन नारळ होतात. कोणी किती वेळा परत दिले, हे गावात वर्षभर बोलले जाते.

त्या वर्षी मुलीच्या वडिलांनी एडका दिला. कळपातला सर्वांत मोठा नर मेंढा. ते तो स्वतः दाव्याला धरून ओट्यापाशी आले तेव्हा शेजारचा एक जण म्हणाला, “येडा झालास का? एका लेकरासाठी एवढं जनावर?”

“एकासाठी कुठं?” वडील म्हणाले. “सर म्हणले, पाच-सहा लेकरांची तिकिटं निघत्याल.”

बोली पुकारायला देवस्थानचे एक वयस्कर पंच होते.

“बोला! शिंगं बघा, छाती बघा! बोला!”

“पाच हजार एक,” गावातला एक ट्रॅक्टरवाला म्हणाला.

“ओ ट्रॅक्टरवाले, पाच हजारात त्याची लोकरबी येत न्हाई!” गर्दीतून एक जण ओरडला.

“मंग तू बोल की. नुसता दात काढायलायस!”

“मी बोललो असतो. पण आमच्या घरी एक हाय की, धाकला भाऊ. दोन एडके एका दावणीला जमत न्हाईत.”

त्याचा धाकटा भाऊ गर्दीतच होता. त्याने चप्पल उचलली. लोक हसले. एडका बिचकून मागे सरला. वडिलांनी त्याच्या मानेवर हात ठेवला तेव्हा तो थांबला.

पहिली बोली ट्रॅक्टरवाल्याने जिंकली आणि एडका परत दिला. दुसरी औषध दुकानदाराने जिंकली, त्यानेही परत दिला. तिसरी आणि सर्वांत मोठी बोली मानवतच्या मोंढ्यातल्या एका कापसाच्या आडत्याची होती. गावात त्यांची शेती असल्याने ते देवीच्या लिलावाला दरवर्षी येत. त्यांना सगळे शेठ म्हणतात. शेठनी एडका ठेवून घेतला. पाकीट सरांच्या हाती देताना फोटो काढायचा म्हणून मी मुलीला शेजारी उभे केले. वडीलही आले. चौघांचा फोटो झाला.

डायरीत मी तिन्ही बोली लिहिल्या. त्यांच्या वरच्या ओळीत लिहिले: एडका, मुलीच्या वडिलांकडून.

आता जाहिरातीचे सांगणे आवश्यक आहे. तालुका बातमीदाराला पगार नसतो. मानधन असते, ते फोनच्या बिलात जाते. घर जाहिरातीच्या कमिशनवर चालते आणि त्यातले निम्म्याहून जास्त एका दिवाळी पुरवणीत मिळते. शेठ दरवर्षी अर्धे पान देत. त्या वर्षीची जाहिरात त्यांनी अजून दिली नव्हती. लिलावानंतर दोन दिवसांनी मी त्यांच्या आडतीवर जाणार होतो. त्यांनी मला बातमी मागितली नव्हती. कार्यालयातूनही कोणी काही सुचवले नव्हते. बातमी मी लिलावाच्याच संध्याकाळी लिहिली. मथळा असा दिला: “आडत व्यापाऱ्याच्या दातृत्वाने मेंढपाळाची लेक चढणार सह्याद्री”. मजकुरात शेठचे नाव तीनदा होते. ‘मोफत’ हा शब्द दोनदा होता. ट्रॅक्टरवाला आणि औषध दुकानदार ‘इतर दाते’ या दोन शब्दांत आले. एडका कुठेच नव्हता. तो मी विसरलो नव्हतो. एडक्याचा उल्लेख केला असता तर शेठनी दान दिले नसून खरेदी केली, असे वाचणाऱ्याला वाटले असते.

बातमी सोमवारी छापून आली. कार्यालयात फोटो डावीकडून कापला गेला होता. पाकीट, शेठ, सर आणि मुलगी दिसत होती. डाव्या कडेला वडिलांच्या लाल पटक्याची एक घडी दिसत होती. त्याच आठवड्यात अर्ध्या पानाची जाहिरात मिळाली.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतरच्या रविवारी सर माझ्याकडे आले.

“पोरगी सरावाला येईना,” ते म्हणाले. “लिलावानंतर एकाही रविवारी नव्हती. मला वाटलं, सणाचे दिवस आहेत. आज चुलतीला विचारलं. वडिलांनी निरोप पाठवलाय, जायचं नाही.”

“का?”

“तुमची बातमी वाचून दाखवलीय कोणीतरी त्यांना.”

कळप तेव्हा सेलू तालुक्यात, देवगाव फाट्याच्या जवळ एका शेतात बसला होता. सोयाबीन निघाले की शेतकरी मेंढ्या रानात बसवून घेतात. लेंडीखत मिळते. त्याबद्दल मेंढपाळाला ज्वारी किंवा रोख द्यायची असते. भाव रात्रीप्रमाणे ठरतो. ठरवताना बरीच घासाघीस होते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. जाळीच्या कुंपणात कोकरे होती, मोठ्या मेंढ्या चरायला गेल्या होत्या. वडील एका कोकराच्या पायाला औषध लावत होते. मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आईवडिलांकडे आली होती. तिने मला पाहिले आणि चुलीकडे गेली.

“या, पेपरवाले,” वडील म्हणाले. “बसा. माय, चहा टाक.”

मी बसलो. त्यांनी पायाची पट्टी बांधून पूर्ण केली.

“तुमाला एक इचारतो. मी पोरगी फुकट धाडायलो का?”

“नाही.”

“मंग पेपरात फुकट का आलं?”

मी म्हणालो की चूक झाली.

“कुणाची?”

“माझी.”

त्यांनी मान हलवली. मग त्या शेताचा मालक काय म्हणाला ते सांगितले. पाच रात्री मेंढ्या बसल्यावर ते ज्वारी मागायला गेले होते. मालकाने घरातून पेपर आणून अंगणात चारचौघांत मोठ्याने वाचला आणि म्हणाला, “तुला आता शेठ हाय की. लेकरं फुकट फिरवायलाय, पोटालाबी घालंल. आमच्याकडं कशाला हात पसरायलास?” ज्वारी त्याने दिली. ठरल्यापेक्षा कमी दिली.

“ज्वारीचं काई न्हाई,” वडील म्हणाले. “जाईल तिकडं आता हेच हाय. काल फाट्यावर एक जण म्हणतो, शेठचे जावई आले बघा. मी कुणाच्या दारात फुकट बसलेला माणूस न्हाई. एडका दिला मी. कळपातला पैला. त्यो कुठं हाय तुमच्या पेपरात?”

मुलीने चहा आणला. तिने तो माझ्यासमोर ठेवला आणि उभी राहिली. वडिलांनी तिच्याकडे पाहिले नाही.

“दुरुस्ती छापतो,” मी म्हणालो.

“छापा. एडक्याचं छापा. आन् हितं फाट्यावर चहाच्या हाटेलात तुमी सोता येऊन वाचून दाखवा, सगळ्यांम्होरं. मंग पोरगी शनवारी गाडीत.”

“नक्की?”

“माझं नक्की हाय. तुमचं बघा.”

मुलगी तेव्हा बोलली. “काका, गुरुवारपर्यंत येईल ना? शुक्रवारी सामान भरायचंय.”

मी हो म्हणालो.

मानवतला परत येऊन मी कार्यालयात फोन केला. उपसंपादकांनी विचारले, “खुलासा कशाचा? कोणाची बदनामी झाली का?” मी सांगितले की एक तपशील राहिला आहे. “मग पाठपुराव्याची बातमी करा. पथक निघतंय ना? तयारी पूर्ण म्हणून द्या. त्यात घाला काय घालायचं ते.”

मी ती बातमी मंगळवारी लिहिली. तीन परिच्छेद होते. पहिल्यात पथकाची तयारी, मुलांची संख्या, निघण्याची वेळ. दुसऱ्यात शेठचे नाव आणि त्यांचे सहकार्य. तिसऱ्यात एक वाक्य: लिलावातील एडका हा संबंधित विद्यार्थिनीच्या वडिलांनी पथकाला दिलेला होता व त्यातूनच सर्वाधिक निधी उभा राहिला. ‘मोफत’ हा शब्द या वेळी नव्हता. वाक्य खरे होते आणि पूर्ण होते. ते मी शेवटी ठेवले, कारण वर ठेवले तर शेठच्या आधी आले असते. पुरवणीच्या जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडून अजून यायचे होते.

या धंद्यात बातमी खालून कापतात. पानावर जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद जातो, मग त्याच्या वरचा. म्हणून महत्त्वाचे ते आधी लिहायचे असते. हे मला पहिल्या आठवड्यात शिकवले होते. नव्या मुलांना मी स्वतः ते शिकवतो.

गुरुवारी सकाळी मी बसस्थानकावर पेपर घेतला. बातमी पाचव्या पानावर होती. दोन परिच्छेद होते. समोर सेलूमार्गे जाणारी एसटी उभी होती, ती पुढे देवगाव फाट्यावरून जाते. वाहकाने दोनदा हाक मारली. मी बसलो नाही.

फाट्यावर काय झाले ते मला पुढे हॉटेलवाल्याने सांगितले. वडील सकाळी आठलाच येऊन बसले होते. सोबत ज्याच्या रानात मेंढ्या होत्या तो मालक होता आणि आणखी चार-पाच जण होते. वडिलांनीच त्यांना बोलावले होते. दहापर्यंत त्यांनी माझी वाट पाहिली. मग मालक म्हणाला, “पेपर तर आलाय. मीच वाचतो की.” त्याने दोन्ही परिच्छेद वाचले. शेठचे नाव आल्यावर एक जण हसला. वडिलांनी विचारले, “म्होरं?” मालक म्हणाला, “म्होरं काई न्हाई. म्होरं सिमेंटची जाहिरात हाय.” वडिलांनी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले आणि निघून गेले.

गुरुवारी दुपारी मला अनोळखी क्रमांकावरून फोन आला. मुलगी होती.

“काका, पेपरात आलंय का? आबा काई बोलनात.”

“आलंय.”

“एडक्याचं आलंय का?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सर मोटारसायकलवर देवगाव फाट्याला गेले. तिकीट सोबत नेले. वडिलांनी त्यांना जेवायला थांबवले, पाहुणचारात काही कमी केले नाही. तिकीट मात्र घेतले नाही. ते म्हणाले, “सर, तुमचं काई चुकलं न्हाई. पोरीचंबी न्हाई. पण आता धाडली तर पेपरात आलंय ते खरं होतंय.” सरांनी खूप समजावले. एडका दिल्याचे सगळ्या गावाने पाहिले आहे, असेही म्हणाले. वडिलांचे उत्तर असे होते की गावाने पाहिले, पण त्यांना गावात वर्षाचे चार महिनेच राहायचे असते. बाकीचे आठ महिने ते अनोळखी लोकांच्या रानात असतात आणि तिथे फक्त पेपर पोहोचला आहे.

मुलीने मधे बोलायचा प्रयत्न केला. “आबा, मी जाऊन आले तर—” एवढेच ती म्हणाली. आईने तिला पाणी आणायला पाठवले.

संध्याकाळी सर माझ्या घरी आले. बसले नाहीत.

“खालून कापतात, हे तुम्हाला माहीत होतं ना?” त्यांनी विचारले.

“होतं.”

ते निघून गेले.

शनिवारी मी स्थानकावर गेलो, कारण रवानगीची बातमी द्यायची होती. मुलांच्या पाठीवर पिशव्या होत्या. काहींचे पालक आले होते. दोराचे वेटोळे कोणी उचलायचे यावरून दोन मुलांत थोडी ओढाताण झाली. सरांनी यादी वाचली. विसावे नाव त्यांनी वाचले नाही. गाडी वेळेपेक्षा उशिरा आली आणि मुले चढली. शिबिर व्यवस्थित पार पडले. कोणाला दुखापत झाली नाही.

ती रवानगीची बातमी मी दिली नाही.

जानेवारीत जाहिरातीच्या पैशांसाठी शेठकडे गेलो, तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले. गादीवर कापसाचे नमुने पसरले होते. शेठ ते बाजूला सारून ऐकत राहिले.

“मग लिहायचं होतं की एडक्याचं,” ते म्हणाले. “मी शेतावर आलेल्या प्रत्येकाला तो एडका दाखवतो, कुणाचा आहे ते सांगून. माझं काय जात होतं? मला एक फोन करायचा.”

मी त्यांना फोन केला नव्हता. विचारले नव्हते. त्यांनी माझ्यासमोर चेक लिहिला आणि दिला.

फेब्रुवारीत खुलासा छापून आला. या वेळी मी फक्त दोन वाक्ये पाठवली होती आणि एडका पहिल्या वाक्यात होता. उपसंपादकांनी काही विचारले नाही. कात्रण घेऊन मी देवगाव फाट्याला गेलो. हॉटेलात तीन जण होते. मी त्यांना ते वाचून दाखवले. तिघांपैकी कोणालाच प्रकरण माहीत नव्हते. एकाने विचारले, “कुणाचा एडका?” कळप तिथून कधीच हलला होता. शेताच्या मालकाला भेटलो, तर तो म्हणाला, “कव्हाचं काय घेऊन बसलात, साहेब.” कात्रण मी गावी चुलतीकडे दिले. ते वडिलांपर्यंत पोहोचले की नाही, याची मी खात्री करू शकलो नाही.

पुढच्या दसऱ्याला लिलाव झाला. मुलीच्या घरून पथकाला काही आले नाही, कारण घरचे कोणी पथकात नव्हते. वडिलांचा कळप त्या दिवसांत गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावच्या शिवारात होता. मी तिकडे जाण्याचे दोनदा ठरवले आणि गेलो नाही. मुलगी बारावी उत्तीर्ण झाली, हे सरांकडून कळले. शिबिराच्या वयाच्या अटीतून ती तोवर बाहेर गेली होती.

मागच्या महिन्यात हे लिहायला घेतले तेव्हा सरांकडे पथकाची त्या वर्षीची हजेरीवही मागितली. त्यांनी ती शाळेच्या कपाटातून काढून दिली. दर रविवारी मुले स्वतः सही करतात. तिची शेवटची सही पहिली बातमी छापून आली त्याच्या आदल्या दिवशीची, रविवारची आहे.